कन्याकुमारीला न गेलेली माणसं

अकरा वाजून दहा मिनिटांनी फोन आला नाही, हे हेमांगीच्या लक्षात आलं तेव्हा अकरा सव्वीस झाले होते. डाळीला फोडणी देऊन झाली होती, सृष्टीचा फ्रॉक दोरीवरून काढून घडी करून झाला होता, आणि तरी काहीतरी राहिलंय असं वाटत होतं. गॅस बंद केला की नाही ते पाहायला माणूस जिन्यावरून मागे फिरतो तसं तिचं मन तीनदा फिरून आलं, आणि तिसऱ्या फेरीत तिला कळलं की राहिलंय ते हेच. कालही आला नव्हता. दोन महिने तो माणूस रोज न चुकता फोन करत होता. फक्त रविवारी सुट्टी घ्यायचा. सरकारी माणसाचं सोंग घेतलंय तर ते नीट वठवावं असं त्यालाही वाटत असावं. कधी तो दूरसंचार खात्यातून बोलायचा आणि तिचा नंबर दोन तासांत बंद होणार असायचा. कधी कस्टम्समधून, तिच्या नावाचं पार्सल अडकलेलं असायचं आणि त्यात पाच पासपोर्ट आणि नाव घेऊ नये असलं काही सापडलेलं असायचं. खातं बदललं, नंबर बदलला, तरी आवाज तोच. बोलता बोलता तो शिंकायचा, आणि एका शिंकेवर त्याचं भागायचं नाही; लागोपाठ दोन शिंका, आणि दुसरीनंतर ‘मॅडम’ म्हणताना त्याच्या गळ्यातला साहेब क्षणभर खाली उतरलेला असायचा. एकदा त्याच्या मागे कुकरची शिट्टी ऐकू आली होती. तिच्याकडेही त्याच वेळी शिट्टी झाली, आणि दोघंही एकदमच गप्प झाली होती.

“अननोन नंबर उचलूच नकोस ना यार,” तिचा नवरा सुधन्वा म्हणायचा. त्याला ते सोपं होतं. तो महिन्यातले दहा दिवस कंपनीच्या कामासाठी बंगळूरला असायचा, आणि उरलेले वीस दिवस लॅपटॉपमध्ये. पण सृष्टीच्या प्लेस्कूलच्या व्हॅनचा ड्रायव्हर महिन्या-दीड महिन्याला सिम बदलायचा, टीचर कधी स्वतःच्या तर कधी आयाच्या फोनवरून बोलायच्या, आणि ज्याचं चार वर्षांचं लेकरू घराबाहेर आहे त्याला अनोळखी नंबर असा नसतोच. म्हणून ती उचलायची. कान आणि खांद्यामध्ये फोन धरून पोळ्या लाटायची. हा सगळा बनाव आहे हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, ठाऊक असण्याचा तिला थोडा तोराही होता. तरी ‘आपके ख़िलाफ़ शिकायत दर्ज हुई है’ हे वाक्य आलं की तिच्या आत कुणीतरी उठून कपाटं उघडायला लागायचं. कसली तक्रार? परवा तापाचं औषध पाच एमएलऐवजी सहा दिलं ती? बाथरूमच्या दाराला कडी लावून वीस मिनिटं नुसतंच बसून राहिलीस ती? पुण्याहून एमए करून आलेली बाई, फरीदाबादच्या तिसऱ्या मजल्यावर, हातात लाटणं घेऊन आपला गुन्हा शोधत उभी राहायची, आणि पलीकडचा माणूस दोनदा शिंकायचा.

बुधवारी मात्र तिला कंटाळा आला होता, आणि कंटाळ्यात माणूस जरा विनोदी होतो. तो म्हणाला, मॅडम, आपके आधार से सत्रह सिम निकले हैं. ती म्हणाली, “अच्छा? सत्रह? देखिए, मुझे ये सब समझ में नहीं आता. मेरे ससुर जी समझते हैं. अंडर सेक्रेटरी रिटायर हुए हैं. पोतनीस साहब. आप उनसे बात कीजिए ना.” आणि तिनं बाबांचा नंबर सांगितला. सावकाश, दोन-दोन आकडे करून, त्याला लिहून घेता यावा म्हणून. सांगताना तिच्या डोळ्यांसमोर चित्र होतं: बाबा चष्मा कपाळावर सरकवतील, त्यांच्या त्या मंत्रालयातल्या हिंदीत त्याला नियम, उपनियम, कलम असं काही फैलावर घेतील की त्याची सर्दी जागच्या जागी बरी होईल. आणि संध्याकाळी चहाच्या वेळी बाबा ते सगळं तिला रंगवून सांगतील. आई, म्हणजे सासूबाई, गेल्यापासून बाबांनी रंगवून असं काही सांगितलं नव्हतं. त्यांनाही जरा करमणूक, असंच काहीसं तिच्या मनात होतं. तिनं फोन ठेवला, पोळी उलटली, आणि विसरून गेली.

बाबा, म्हणजे गुणवंतराव, काल सकाळपासून खोलीत होते. इस्त्रीचा शर्ट घालून. “असोसिएशनची मीटिंग आहे,” त्यांनी दाराच्या फटीतून सांगितलं होतं, “ऑनलाइन. नव्या वेतन आयोगावर.” पेन्शनरांची ती असोसिएशन एरवी दुसऱ्या शनिवारी कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या सदनात जमायची, आणि बाबा मेट्रोनं जाऊन येताना तिथल्या कँटीनमधून तिच्यासाठी कागदात बांधून साबुदाणा वडे आणायचे, थंडगार आणि तेलकट. गुरुवारी मीटिंग, शुक्रवारीही मीटिंग, हे तिला खटकायला हवं होतं. काल जेवणाचं ताट त्यांनी खोलीत मागून घेतलं. रात्री बेसिनवर आले तेव्हा त्यांच्या हातात फोन होता, उभा धरलेला, आरसा धरावा तसा, आणि चूळ भरतानाही त्यांनी तो खाली ठेवला नाही. हे सगळं तिनं पाहिलं होतं. पाहण्याची तिला सवयच होती. सृष्टी झाल्यापासून ती सतत काही ना काही पाहत असे: बिछान्याच्या कडा, प्लगची भोकं, माणसांचे हात. पण पाहिलेलं सगळं तिच्यात नुसतं साठत जायचं, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यासारखं, आणि नेमकं हवं ते पान वेळेवर सापडायचं नाही.

साडेबाराला व्हॅन आली. सृष्टी जेवली, भात जास्त आणि डाळ कमी, आणि आपली उशी घेऊन सवयीनं आबांच्या, तिच्या आजोबांच्या, खोलीकडे गेली. दुपारी ती तिथंच झोपायची. दोन मिनिटांत परत आली. “मम्मा, आबा दरवाजा नाही खोलत आहेत. बोले, आज नको बेटा.” बोलताना तिचा खालचा ओठ पुढे आला होता. हेमांगीनं तिला उचललं, आपल्या बिछान्यावर टाकलं, आणि एका हातानं तिला थोपटत दुसऱ्या हातानं फोनवरचं ते ॲप उघडलं.

बाबांच्या खोलीत कॅमेरा होता. पुस्तकांच्या फळीवर, आईंच्या फोटोशेजारी, लिंबाएवढा पांढरा गोळा. सृष्टीच्या दुपारच्या झोपेसाठी, असं सगळ्यांना सांगितलेलं. खरं कारण सहा महिन्यांपूर्वीचं होतं. बाबा सृष्टीला घेऊन खाली झोपाळ्यावर गेले आणि वर आले ते दुधाची पिशवी घेऊन. एकटे. पिशवी त्यांनी ओट्यावर ठेवली, हात धुतले, आणि मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांचा चेहरा बदलला. वॉचमननं सृष्टीला वर आणलं तेव्हा ती लॉलीपॉप खात होती. सगळी मिळून चार मिनिटं. कुणी त्यावर काही बोललं नाही. दोन दिवसांनी हेमांगीनं कॅमेरा मागवला. लावायला स्टूल बाबांनीच धरलं होतं.

पडद्यावर आधी नुसतं धुरकट दिसलं, मग खोली उमटली, वरून, थोडी वाकडी. टेबलावर पुस्तकांना टेकवून उभा केलेला बाबांचा फोन. समोर खुर्चीत बाबा. वर इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन, खाली घरचा पायजमा. पाठ ताठ, हात मांडीवर. आणि फोनच्या चौकोनात दुसरा एक माणूस, खाकी गणवेशातला, त्याच्या मागे झेंडा. माणूस काय म्हणाला ते नीट ऐकू आलं नाही, पण बाबांनी उजवा हात वर केला. वर्गात करतात तसा. “सर, वॉशरूम जाने की परमिशन चाहिए.” मिळाली नसावी. हात हळूच खाली आला.

हेमांगीचं थोपटणं थांबलं नाही. हे तिला पुढे बरेच दिवस नवलाचं वाटत राहिलं, की आपला हात थांबला नाही. काय चाललंय ते तिला पुरतं कळलं होतं. असल्या बातम्या तिनं किती वाचल्या होत्या: कुणी डॉक्टरीणबाई, कुणी निवृत्त प्रोफेसर, दोन दिवस, पाच दिवस, व्हिडिओवर अटकेत, आणि शेवटी बँकेत जाऊन आयुष्यभराची पुंजी आपल्या हातानं कुणाच्या तरी खात्यात. वाचताना दर वेळी तिला वाटायचं, अशी कशी हो माणसं. आणि दर वेळी बातमीच्या शेवटी तेच असायचं: घरच्यांनी सांगितलं, बँकेच्या मॅनेजरनं हात जोडून सांगितलं, तरी ऐकलं नाही. जो म्हणेल ही फसवणूक आहे तो गुन्ह्यात सामील, असं त्यांना आधीच पढवलेलं असतं. तिनं आवाज वाढवला. “पोतनीस जी, तीन बजे तक एफडी तोड़ के वेरिफ़िकेशन अकाउंट में डालिए. बैंक में कोई पूछे तो क्या बोलेंगे?” “पोती की पढ़ाई के लिए, सर.” “शाबाश.” घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. बँक चालत सात मिनिटांवर.

“सर,” बाबा म्हणाले, “एक निवेदन है. कल मैंने जो स्टेटमेंट दिया था, एलटीसी के बारे में, वो रेकॉर्ड पर आ गया ना?” “आ गया, आ गया.” “क्योंकि उसकी एंट्री ज़रूरी है. उन्नीस सौ इक्यानबे. मैंने कन्याकुमारी का क्लेम भरा था, परिवार के साथ. हम गए नहीं थे. बस के टिकट एक एजंट से लिए थे.” “अरे वो देख लेंगे, पहले आप बैंक का…” “नहीं सर, मूल गुन्हा तो वही है. आप जो पार्सल बोल रहे हैं उसके बारे में मुझे जानकारी नहीं. पर ये मैंने किया है.”

गणवेशातला माणूस जरा गोंधळलेला दिसला. दुकानात दूध मागावं आणि दुकानदारानं आपल्याच आयुष्याची कहाणी सुरू करावी, तसा. हेमांगीला हसू आलं नाही, पण हसू येण्याच्या जागी काहीतरी येऊन गेलं. कन्याकुमारी. एलटीसी म्हणून सरकार चार वर्षांतून एकदा नोकरांना बायकापोरांसह देशात कुठंही फिरून यायचा खर्च देतं, आणि पोतनिसांच्या घरात त्या एकाच सहलीची गोष्ट होती. लग्न ठरलं तेव्हापासून ती ऐकत आली होती. सुधन्वा पाच वर्षांचा होता. तिथं तीन समुद्र मिळतात आणि पाण्याला तीन रंग असतात, निळा, हिरवा आणि मातकट, आणि मधली रेघ स्पष्ट दिसते. हनिमूनला कुठं जायचं ठरत होतं तेव्हा तिनं कन्याकुमारी म्हटलं होतं आणि तो म्हणाला होता, “मी पाहिलंय ते. दुसरं काही बघू.” आई, प्रमोदिनीआई, तेव्हा स्वयंपाकघरात होत्या. त्या हसल्या होत्या. कशाला हसल्या ते आज, या लिंबाएवढ्या गोळ्यातून, कळत होतं.

“गए नहीं थे तो कहाँ थे?” गणवेशानं विचारलं, बहुधा नाइलाजानं. “मुनिरका में, सर. एक कमरा लिया था किराए पर. ग्यारह दिन.” पैसे प्रमोदिनीच्या धाकट्या भावाच्या ऑपरेशनला हवे होते, बाबा सांगत होते, आणि क्वार्टर आर. के. पुरमला, शेजारीपाजारी सगळे एकाच खात्यातले. मग कुलूप लावलं, होल्डॉल बांधला, सगळ्यांना टाटा करून रिक्षात बसले आणि दोन किलोमीटरवर उतरले. अकरा दिवस बाहेर पडायचं नाही. कुणी पाहिलं तर नोकरी. भाजी घरमालकीण आणून द्यायची. खिडकीला चादर लावलेली. चादरीच्या कडेतून आपल्याच कॉलनीची पाण्याची टाकी दिसायची. “और बच्चे को सिखाते थे, सर, कि समुद्र का रंग पूछा तो क्या बताना.” हे सांगताना त्यांचा आवाज थोडा हलका झाला. चौतीस वर्षं त्यांनी या प्रश्नाची वाट पाहिली होती. दाराची बेल वाजली की, खाकी लखोटा आला की, बढतीच्या प्रत्येक फायलीत. आणि काल कुणीतरी फोन करून म्हटलं, आपके ख़िलाफ़ शिकायत दर्ज हुई है, तेव्हा बाबांनी कसली असं विचारलंच नसणार. तिचं कपाट रिकामं निघायचं तरी ती शोधायची. त्यांच्या कपाटात वस्तू होती.

ॲपच्या खालच्या कोपऱ्यात माइकचं गोल चिन्ह होतं. ते दाबून बोललं की आवाज थेट त्या गोळ्यातून निघायचा. सृष्टी उठली की ती त्यातून ‘आले हं’ म्हणायची. अंगठा त्यावर जाऊन थांबला. बाबा, हे चोर आहेत. चार शब्द. फळीवरून, आईंच्या फोटोशेजारून. बाबा ताठ बसून वर पाहतील, आणि त्यांच्या खोलीत एकाऐवजी दोन यंत्रं हुकूम सोडत असतील. अंगठा तसाच राहिला.

“एक और चीज़ आपके ध्यान में लाना चाहता हूँ,” बाबा म्हणाले, आणि मान वळवून सरळ कॅमेऱ्याकडे, म्हणजे तिच्याकडे पाहिलं. “इस कमरे में एक और कैमरा है.” गणवेश एकदम पुढे सरकला. “कैसा कैमरा? किसने लगाया? बंद करो उसको. अभी!” “बहू ने लगाया है, सर.” बाबा थांबले. “कहते हैं पोती के लिए है. मेरे लिए है, मुझे मालूम है. मुझसे एक चूक हुई थी. तो उसे बंद करने का अधिकार मुझे नहीं है. आप चाहें तो बहू को लिखित में आदेश दीजिए.”

हेमांगीनं फोन पालथा ठेवला. सृष्टी झोपली होती, तोंड उघडं टाकून. घरात फ्रिजचा आवाज होता आणि खाली भंगारवाल्याची आरोळी. आपण स्टूलवर चढलो होतो आणि त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं होतं, घट्ट, हे तिला आठवलं. ‘सांभाळून’ म्हणाले होते. ती उठली. बाबांच्या दाराला आतून कडी नव्हती, नुसतं लोटलेलं होतं. उघडायची बंदी आहे एवढ्यावर ते दोन दिवस बंद राहिलं होतं. तिनं ढकललं, आत गेली, आणि पलंगावरची उशी बाजूला करून त्यांच्या शेजारी, फोनच्या चौकोनात दिसेल अशी बसली.

“ये कौन है?”

“बहू है, सर,” बाबा म्हणाले, आणि मग तिच्याकडे न पाहता, ओठ न हलवता, “हेमांगी, तू बाहेर जा. हे ऑफिशियल आहे.”

जवळून त्यांच्या दाढीचे पांढरे खुंट दिसत होते. शर्टाला इस्त्री होती पण कालचाच होता. ‘बाबा, तुम्हाला फसवतायत’ हे वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. पण ते बोललं की या खोलीत एक मूर्ख म्हातारा उरला असता, आणि त्याच्याबरोबर तिला पुढची वीस वर्षं राहायचं होतं. ती म्हणाली, “बाबा, आदेश लेखी आहे का?”

“आहे ना. व्हॉट्सॲपवर आलाय काल.”

“बघू.”

“मैडम, आप बीच में मत…”

“एक मिनट, सर,” बाबा म्हणाले. सवयीचा जोर होता त्यात. बैठकीत कागद मागितला गेला की आधी कागद. त्यांनी टेबलावरच्या प्रिंटरवर काढलेला कागद तिला दिला. त्यांनी तो लॅमिनेशनच्या पाकिटात ठेवला होता. वर सिंह, खाली लाल शिक्का, मध्ये इंग्रजी. तिनं तो सावकाश वाचला, जसा त्यांनीच तिला वाचायला शिकवला होता, बिल्डरबरोबर पाण्यावरून भांडण चाललं होतं तेव्हा: आधी वरचा डावा कोपरा, मग खालचा उजवा, मजकूर सगळ्यात शेवटी.

“बाबा, फाइल नंबर कुठाय?”

त्यांनी कागद आपल्याकडे वळवून पाहिला.

“आणि सही कुणाची? हुद्दा नाही, नाव नाही. तुम्हीच म्हणता ना, फाइल नंबर नसलेला कागद म्हणजे वाण्याची पुडी.”

बाबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. दोन दिवसांत पहिल्यांदा ते घाबरलेले नाही तर ओशाळलेले दिसले. आपल्या टेबलावरून असा कागद पुढे गेला, हे कुणी तिऱ्हाइतानं दाखवून द्यावं तसे. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “सर,” ते फोनला म्हणाले, “बहू का कहना सही है. कल घबराहट में मैंने देखा नहीं. इसमें फाइल नंबर चाहिए, तारीख़ चाहिए, जारी करने वाले अधिकारी का नाम, पदनाम, टेलिफ़ोन. और नीचे प्रतिलिपि: एक हमारे पुराने मंत्रालय को, क्योंकि एलटीसी वहीं का मामला है. ये करके भेज दीजिए. मैं यहीं हूँ.”

“अरे पोतनीस जी, बैंक बंद हो जाएगा…”

“इसके बिना बैंक नहीं जा सकता, सर. प्रोसीजर है.”

पलीकडे आवाज बंद झाला. गणवेशाचे ओठ हलत होते, तो बाजूला कुणाशी तरी बोलत होता. बाबा परत मांडीवर हात ठेवून बसले. हेमांगीला वाटलं, आता बोलावं. मग वाटलं, थांबावं. आईंच्या फोटोवर दुपारचं ऊन आलं होतं. टिंग असा आवाज झाला. बाबांनी चष्मा खाली घेतला आणि फोनच्या पडद्यावर आलेलं पत्र उघडलं. फाइल नंबर होता, लांबलचक, तिरक्या रेघांचा. तारीख होती. सही, नाव, पदनाम, टेलिफोन. खाली प्रतिलिपी, जुनं मंत्रालय. त्यांनी सांगितलं होतं ते सगळं, सांगितलं त्याच क्रमानं. बाबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. परत पत्राकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले.

“दोन मिनिटं,” ते मराठीत म्हणाले.

“काय बाबा?”

“दोन मिनिटांत सुधारित प्रत आली.” ते तिच्याशी बोलत नव्हते. “आमच्याकडे तारीख दुरुस्त करायला तीन दिवस लागायचे. डीलिंग हँड कारकुनानं नोट घालायची, सेक्शन ऑफिसर रजेवर. टायपिस्ट जेवायला. प्रतिलिपी म्हटलं की कुठल्या मंत्रालयाला, का, आधी विचारून घ्या. अख्ख्या नोकरीत… नाही गं. सरकार इतकं चांगलं नाहीये.”

गणवेशाचा आवाज परत आला होता. “मिल गया? अब चलिए.” बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि हेमांगीला पहिल्यांदाच दिसलं की ते त्याच्याकडे बघतायत, त्याच्या टोपीकडे, जी एका बाजूला सैल होती, आणि झेंड्याकडे, ज्याला घडीच्या रेघा होत्या. “आपका बैच कौन सा है?” बाबांनी विचारलं, अगदी मऊ आवाजात.  उत्तर आलं ते वेगळ्याच गळ्यातून आल्यासारखं. “ए बुड्ढे, ज़्यादा होशियारी मत कर. उठा के ले जाऊँगा तेरे को, बहू को भी, समझा?” आणि त्याच्या पाठीमागून, झेंड्याच्या पलीकडून, कुणीतरी शिंकलं. लागोपाठ दोनदा.

बाबांनी फोन उचलला. लाल बटण कुठंय ते त्यांना सापडेना, आणि हेमांगी पाहत राहिली पण तिनं तो हातातून घेतला नाही. सापडलं. पडद्यावर सृष्टीचा गेल्या दिवाळीतला फोटो आला. बाबा उठले, काही न विचारता वॉशरूमला गेले, आणि बराच वेळ आत पाणी वाहत राहिलं.

पुढचं सगळं कामासारखं झालं. तक्रारीच्या हेल्पलाइनला फोन. तिथल्या मुलीनं बाबांना ‘अंकल’ म्हटलं आणि नंबरांचे स्क्रीनशॉट मागितले. बँकेला फोन. एफडी जागच्या जागी होती. बाबांनी शर्ट बदलला, खुर्चीत बसून वरण-भात खाल्ला, लिंबाची फोड मागितली. हेमांगी समोर बसली होती. ताटातल्या मिठाकडे पाहत ती म्हणाली, “बाबा, तुमचा नंबर मी दिला त्यांना. बुधवारी. मला वाटलं तुम्ही झापाल त्याला.”

बाबांनी घास गिळला. “अच्छा,” ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, “म्हणजे आवक तुझ्या टेबलावर झाली. तरीच. त्यानं पहिल्या झटक्यात पोतनीस साहब म्हटलं. बारा वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं.” मग ताटात हात धुवावे की बेसिनवर, असा विचार करत असल्यासारखे बसून राहिले. “झापलं असतं गं मी. पण त्यानं विचारलं ना… मला वाटलं, चला, आलं एकदाचं. आता संपेल.” त्यांनी बोटांनी ताटातला शेवटचा भात गोळा केला. “आता ते कुणाला सांगायचं? पुसता येईना झालंय. त्या चोरांच्याच रेकॉर्डवर आहे फक्त.”

 हेमांगीनं ताट उचललं. जाता जाता म्हणाली, “तो कॅमेरा मी काढते आज.”

“राहू दे,” बाबा म्हणाले. “तुला बरं वाटतं ना.” हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, आणि म्हणूनच त्याचं काय करावं हे तिला कळेना.

तीनच्या सुमाराला सृष्टी उठली, डोळे चोळत पॅसेजमधून गेली, आणि आबांच्या खोलीचं दार या वेळी उघडं होतं. हेमांगी ओट्यापाशी उभी राहून चहाचं आधण ठेवत होती. हातानं आपणहून ॲप उघडलं. खोली उमटली, वरून, थोडी वाकडी. सृष्टी पलंगावर आडवी, पाय भिंतीला लावून. बाबा तिच्याकडे पाठ करून फोन टेकवलेली पुस्तकं आवरत होते.

“आबा, कहानी.”

“हं. कुठली सांगू?”

“नवीन.”

बाबा खुर्चीत बसले. या वेळी पाठ खुर्चीला टेकवून. “एक ना,” ते म्हणाले, “आबा होते, आजी होती, आणि एक छोटा पप्पा होता. तुझ्याएवढा. आणि ते तिघं कन्याकुमारीला गेले नव्हते.”

सृष्टीनं यावर विचार केला. कन्याकुमारी म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं, पण न जाण्याची गोष्ट तिनं याआधी ऐकली नसावी. “मग कुठे गेले?” ती म्हणाली.

तेवढ्यात पडद्यावरची खोली नाहीशी झाली आणि तिथं सुधन्वाचं नाव आलं. बंगळूर. हेमांगीनं फोन कानाला लावला. काय चाललंय, सृष्टी जेवली का, बाबांची मीटिंग संपली का एकदाची, तो विचारत होता, मागे ऑफिसातल्या माणसांचे आवाज. संपली, ती म्हणाली. परत आलास की बाबांना तुझ्याशी बोलायचंय. सीरियस? नाही, सीरियस नाही. आधणाला उकळी आली होती, तिनं गॅस बारीक केला, आणि मग तिला स्वतःलाच ऐकू आलं, “डिसेंबरात आपण सगळे कन्याकुमारीला जाऊया का? बाबांना घेऊन.”

“कन्याकुमारी? पाहिलंय यार मी,” सुधन्वा म्हणाला. “सेम टू सेम आठवतंय अजून. तीन रंगांचं पाणी. आणि आई केवढी हसत होती माहितेय? सारखी. तोंडावर पदर धरून, आवाज बाहेर जाऊ नये तसं हसत होती. एवढ्या मोठ्या समुद्रापुढे, सांग. ते विसरलो नाही मी कधी.”

“हो का,” हेमांगी म्हणाली.

“चल, मीटिंग आहे. ठेवतो.”

फोन ठेवल्यावर पडद्यावर राखाडी चौकोन होता आणि त्याच्या मध्ये एक ओळ: थेट दृश्य पुन्हा सुरू करायचं का? तिनं त्या ओळीकडे पाहिलं. चहात साखर घातली. भिंतीपलीकडे सृष्टी खिदळली, मग परत खिदळली, आणि तिच्या पाठोपाठ एक मोठा, खरखरीत आवाज आला, जो आधी तिला खोकल्याचा वाटला. ती कान देऊन उभी राहिली. बाबा हसत होते. आवाज बाहेर जाऊ नये अशी काही काळजी न घेता. तिनं फोन ओट्यावर पालथा ठेवला आणि चहा गाळायला घेतला.